जुनी फायबरची बोट पुन्हा पाण्यात सोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोट चाळीस वर्षांची आहे. फायबरचं आयुष्य संपलं असेल का?

बहुतेक वेळा नाही. काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं, घट्ट झालेलं रेझिन (चिकट द्रव) कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. फायबरच्या पहिल्या होड्या १९४० च्या दशकात तयार झाल्या. पुढे १९६० च्या दशकात कारखाने त्या साच्यातून भराभर काढू लागले, तरी हा माल किती ताण सोसेल याचा पुरता अंदाज कोणालाच नव्हता. म्हणून धास्तीपोटी थरावर थर चढवले गेले. त्या काळातल्या कित्येक बोटींचं कवच आजच्या नव्या बोटीपेक्षा जाड निघतं.

खराब होतं ते आतलं लाकूड. ट्रान्सम म्हणजे इंजिन अडकवायची मागची भिंत, तिच्या पोटात प्लायवूड असतं. तळाला लांबीच्या दिशेने आधार देणारे स्ट्रिंगर पुष्कळदा लाकडाचे असतात. डेकच्या दोन थरांमध्ये प्लाय, बाल्सा (हलकं लाकूड) किंवा फोम असतो, त्याला कोअर म्हणतात. या सगळ्यावर फायबर चढवलेलं असतं आणि त्यात कोणीतरी कधीतरी एखादा स्क्रू मारून ठेवलेला असतो. पाणी तिथूनच शिरतं. खालच्या उत्तरांत मी पुन्हा पुन्हा या स्क्रूकडे वळणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आत लाकूड कुजलं आहे की नाही, हे न फोडता कसं ओळखायचं?

प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घ्या आणि दर दोन-तीन बोटांवर टकटक करत चला. चांगल्या भागातून कडक, स्वच्छ आवाज येतो. थर सुटले असतील किंवा कोअर भिजलेला असेल तर आवाज बसका येतो. आधी जिथे चांगलं असल्याची खात्री आहे तिथे दहा-बारा ठोके मारून कान तयार करा. संशयाची जागा पेन्सिलीने आखून घ्या.

मग ट्रान्समकडे या. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवलेलं इंजिन, लावलेला असेल तर तो थोडा वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार टाका आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. कड पुढेमागे हलताना डोळ्यांना दिसली तर आणखी पुरावा लागत नाही.

सर्वात खरं बोलतो तो तळाजवळचा एखादा स्क्रू. ट्रान्समवर खाली बसवलेल्या एखाद्या पट्टीचा स्क्रू काढा. भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं, स्क्रूच्या आट्यांत काळपट लगदा आला, कुबट वास आला, तर लाकूड गेलं. सगळं कोरडं दिसलं तर आतल्या बाजूने तीन-चार ठिकाणी बारीक ड्रिल मारून भुसा बघा. कोरडा, फिकट भुसा चांगला. गडद आणि बोटांना ओला लागणारा भुसा वाईट. ही भोकं नंतर इपॉक्सीने (हार्डनर कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनने) भरायची, सिलिकॉनने नाही.

ओलावा मोजायचं मीटर उपयोगी आहे, पण त्याच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. आत धातू असेल, बाहेर तांबं घातलेला रंग असेल किंवा पृष्ठभाग नुसता ओलसर असेल तरी ते जास्त आकडा दाखवतं. पाण्याच्या रेषेच्या वरचा आकडा आणि खालचा आकडा यांची तुलना करा, तेवढ्यापुरतं ते कामाचं.

आधी रंग काढून टाकू का? बोट बघवत नाही.

हा मोह मलाही आवरला नव्हता. माझ्या पहिल्या बोटीला मी दोन महिने घासून-पुसून आरशासारखा रंग दिला आणि त्यानंतर इंजिनाचे बोल्ट आवळायला गेलो. वॉशर बिस्किटात रुतावा तसा ट्रान्सममध्ये रुतला. तो ट्रान्सम उघडताना नव्या रंगाचं काय झालं ते सांगत नाही.

क्रम असा ठेवा: आधी आधार, मग तपासणी, मग आतलं लाकूड, मग हलची (बोटीच्या बाहेरच्या कवचाची) भोकं-भेगा, मग फिटिंग, आणि रंग सगळ्यांच्या शेवटी.

आधार म्हणजे काय? बोट ट्रेलरवरच तर आहे.

ट्रेलरचे रोलर बोटीला मोजक्याच जागी धरतात. आत स्ट्रिंगर आणि डेक शाबूत असेपर्यंत ते चालतं. पण ते काढलेत की हल उघड्या पेटीसारखा मऊ होतो, स्वतःच्या वजनाने पिळवटतो, आणि त्या स्थितीत नवे स्ट्रिंगर बसवलेत की ते वाकडेपण कायमचं होतं. मग बोट पाण्यात एका बाजूला ओढते आणि कारण सापडत नाही.

म्हणून कील, म्हणजे तळाचा मधला कणा, सलग टेकेल आणि दोन्ही बाजूंना पुरेसे टेकू मिळतील अशी घोडी करून घ्या. नाळेपासून ट्रान्समपर्यंत मधोमध दोरी ताणा, ठराविक अंतरावर दोरीपासून तळापर्यंतची मापं घ्या आणि ती हलच्याच आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. कागद हरवतो. स्ट्रिंगरची उंची, त्यांच्यातलं अंतर, इंजिन-बेडचा कोन हे सगळं जुनं लाकूड हलवण्याआधी मोजायचं. आणि ट्रान्सम, स्ट्रिंगर, डेक तिन्ही एकाच दिवशी काढायचे नाहीत. एक काढा, तो बसवा, मग दुसरा.

ट्रान्सम बदलायची पद्धत काय?

शक्य असेल तर आतून. आतलं फायबर कापून काढायचं, सडलेलं प्लाय खरवडून काढायचं आणि बाहेरचं कवच जागेवर ठेवायचं. यात बाहेरचा आकार आणि जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर, वाचतो. आत हात पोहोचत नसेल तर बाहेरून कापतात, पण मग बाहेरचं फिनिशिंगचं काम दुप्पट होतं.

ग्राइंडरचं पातं फक्त आतल्या थराच्या जाडीइतकंच खोल जाऊ द्या. कडेला, जिथे ट्रान्सम तळाला आणि बाजूंना जोडलेला आहे, तिथलं जुनं टॅबिंग, म्हणजे सांध्यावरच्या फायबरच्या पट्ट्या, एकदम कापून टाकू नका. उतरत्या पातळीवर घासत न्या म्हणजे नव्या थरांना धरायला जागा मिळेल. सडलेलं प्लाय मधल्या भागात हाताने निघतं, कोपऱ्यात मात्र नेमकं चांगलं असतं आणि तिथे छिन्नी घेऊन घाम गाळावा लागतो. बाहेरचं कवच ४० नंबरच्या पेपरने घासा, स्वच्छ पुसा, पूर्ण वाळू द्या.

नवं लाकूड म्हणजे मरीन प्लाय, आणि ते बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाच्या दर्जाचं मिळालं तर उत्तम. बहुतेक आउटबोर्ड बोटींत १८ मिमीच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवून जाडी जमते. पण तुमच्या इंजिनाच्या क्लॅम्पला आणि बोल्टला किती जाडी लागते ते आधी मोजा. पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून बघा, मगच फळीला करवत लावा. फळीच्या कडा, विशेषतः कापलेल्या आडव्या कडा, पातळ इपॉक्सीने दोन-तीनदा भिजवा. त्या कडा स्पंजसारखं पाणी ओढतात, तेव्हा त्यांना आधी रेझिनच पाजलेलं बरं.

चिकटवायला सिलिकाने घट्ट केलेलं इपॉक्सी, टूथपेस्टइतकं दाट. खाचांच्या पट्टीने ते कवचावर आणि फळीवर दोन्हीकडे पसरा, फळी दाबा, कडेने सगळीकडून माल बाहेर आला पाहिजे. कुठे आला नाही तर तिथे पोकळी आहे, आणि पोकळी म्हणजे पुढच्या पाण्याची खोली. क्लॅम्प जोर लावून आवळू नका. बाहेरचं पातळ कवच आत ओढलं जातं आणि उन्हात त्याची लाट दिसते. बाहेरून एक सरळ जाड पट्टी लावून तिच्यावर क्लॅम्प धरा.

माल पक्का झाल्यावर कोपऱ्यात गोलाई द्या. फायबरचं कापड काटकोनात वळत नाही, आत हवा राहते. या गोलाईवरून बायॲक्सिअल (दोन दिशांनी धागे असलेल्या) कापडाचे थर तळावर आणि बाजूंवर उतरवायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे गेला पाहिजे, म्हणजे जाडी एकदम संपत नाही.

ट्रान्समची उंची बदलू नका, किंवा बदलायची असेल तर विचारपूर्वक. आउटबोर्डची शाफ्ट साधारण ३८, ५१ आणि ६३ सेंटीमीटरच्या ट्रान्समसाठी बनते. प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीच्या आसपास आली पाहिजे.

डेकखालचा फोम ठेवायचा का?

एक तुकडा कापून पिळून बघा. जुना फोम ओलावा धरतो आणि बोट तरंगती ठेवण्यासाठी भरलेला तोच माल बोटीवर ओझं होऊन बसतो. भिजलेला फोम महिनोन् महिने उन्हात ठेवला तरी आतून वाळत नाही, काढून टाका. नवा भरा मात्र नक्की, कारण बोट पाण्याने भरली तर तीच तुमची हमी आहे. तळाशी पाणी वाहून जायला मोकळी वाट ठेवा. जुन्या बोटीत ही वाट फोमने बुजलेली असते आणि बूच उघडूनही पाणी बाहेर येत नाही.

पॉलिएस्टर वापरू की इपॉक्सी?

मूळ बोट बहुधा पॉलिएस्टरची आहे. कारखान्यात एक थर ओला असतानाच दुसरा चढतो, त्यामुळे थर रासायनिकरीत्या एकजीव होतात. तुम्ही चाळीस वर्षं जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या पृष्ठभागावर काम करताय. इथे नवा माल धरतो तो घासलेल्या ओरखड्यांच्या आधाराने, आणि या कामात इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा बरंच सरस आहे. शिवाय ते घट्ट होताना कमी आकसतं आणि लाकडाला चांगलं चिकटतं. लाकूड, ट्रान्सम, पाण्याखालची दुरुस्ती: इपॉक्सी. वर जेलकोटच द्यायचा असेल, मोठा भाग नव्याने बांधायचा असेल, तर पॉलिएस्टर किंवा त्याहून चांगलं व्हिनिलएस्टर.

पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालतं. उलट, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, तो धोका पत्करू नका.

मॅटच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना नडते. तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची साधी मॅट ज्या बाइंडरने एकत्र धरलेली असते तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून ती मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही आणि पांढरे डाग सोडते. इपॉक्सीबरोबर शिवलेलं बायॲक्सिअल कापड घ्या.

हार्डनर थोडा जास्त टाकला तर लवकर घट्ट होईल ना?

पॉलिएस्टरमध्ये साधारण १ ते २ टक्के हार्डनर लागतो आणि त्या मर्यादेत हवामानाप्रमाणे कमीजास्त करता येतो. त्याहून जास्त टाकलात तर माल तापतो, ठिसूळ होतो, तडकतो. इपॉक्सीत तर ही मुभाच नाही. तिथे हार्डनर हा अर्धा भागीदार आहे, डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण. चुकलं तर माल कायमचा चिकट राहतो आणि खरवडून काढावा लागतो. काम हळू-जलद हवं असेल तर स्लो किंवा फास्ट हार्डनर विकत घ्या. मी वजनकाट्यावर मोजतो. अंदाजपंचे कधीच नाही.

आणि कालवलेलं इपॉक्सी उभ्या मगात ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. खोल भांड्यात उष्णता अडकते, दहा मिनिटांत मग धुरायला लागतो. पसरट ट्रेमध्ये ओता, वेळ जास्त मिळतो.

पॉलिएस्टरचा हार्डनर आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होतो.

पहिला थर रात्री दिला, दुसरा सकाळी. घासायला लागेल?

इपॉक्सी अजून नखाने दबत असेल तर नाही, थेट पुढचा थर द्या. पूर्ण कडक झालं असेल तर वर मेणासारखा एक बुळबुळीत पापुद्रा येऊ शकतो. तो आधी साध्या पाण्याने आणि खरबरीत पॅडने धुवा, मग घासा. न धुता घासलं तर तो पापुद्रा ओरखड्यांत भरला जातो आणि पुढचा थर सोलपटासारखा निघतो.

हलला आरपार भोक आहे. आतून मॅट चिकटवली तर चालेल?

तात्पुरतं, किनारा गाठण्यापुरतं. कायमच्या दुरुस्तीत भोकाच्या कडा लांब उतारावर घासाव्या लागतात. जाडीच्या १२ पट उतार हे माप लक्षात ठेवा: हल ६ मिमी जाड असेल तर भोकाच्या चोहोबाजूंनी ७२ मिमी. एवढ्याशा भोकासाठी परातीएवढा खड्डा का करायचा, असं वाटतं खरं. पण ताकद त्या उताराच्या क्षेत्रफळातून येते. मूळ हलमध्ये जेवढे थर होते तेवढे परत भरा, आणि आत हात जात असेल तर भोकामागे आधार लावून भरा.

जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आहेत. गंभीर आहे का?

त्या कुठे आहेत ते बघा. सगळीकडे विखुरलेल्या बारीक भेगा बहुधा जाड बसलेल्या, म्हाताऱ्या जेलकोटच्या असतात. एका बिंदूपासून किरणांसारख्या पसरल्या असतील तर तिथे काहीतरी आदळलं आहे. कोपऱ्यात किंवा रेलिंगच्या पायाशी समांतर ओळी असतील तर खालचा भाग वाकतोय, आणि त्याला आतून आधार दिल्याशिवाय भेगा भरून उपयोग नाही, पुढच्या हंगामात पुन्हा त्याच जागी येतील. भरताना भेग व्हीच्या आकारात उघडा. नुसता वरून थर फासला तर तो आत उतरतच नाही.

तळावर फोड आले आहेत. बोट टाकाऊ झाली का?

नाही. पाण्याचे रेणू जेलकोटमधून हळूहळू आत झिरपतात. आत पूर्ण न जुळलेले रेझिनचे घटक असतात, ते त्या पाण्यात विरघळून दाट द्रव होतो, आणि तो बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतो. दाब वाढून फोड येतो. फोडताना गॉगल घाला, आतला आंबूस वासाचा आम्लधर्मी द्रव दाबाने उडतो.

चार-सहा फोड असतील तर प्रत्येक उघडा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, वाळवा, इपॉक्सी पुट्टीने भरा. तळभर असतील तर जेलकोट काढावा लागतो. खरा वेळ जातो तो वाळवण्यात, त्याला आठवडे नव्हे, कधी महिने लागतात. जाड प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आत दव धरलं तर अजून थांबा. पूर्ण वाळल्यावर पाणी अडवणारा इपॉक्सी बॅरियर कोट, सगळे थर मिळून सुमारे २५० मायक्रॉन जाडीचा. ओल्या हलवर तो दिलात तर पाणी आत कोंडलं आणि वर स्वतःच्या हाताने झाकण घातलं असं होतं.

जुना अँटीफाउलिंग रंग कोरडाच घासला तर?

घासू नका. तो तळाला चिकटणारे जीव मारण्यासाठीच बनवलेला आहे. खूप जुन्या थरांत टीबीटी (ट्रायब्युटिल टिन) हे टिनयुक्त विष असू शकतं. त्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी लागू आहे. पाणी मारत घासा किंवा खरवडा, खाली ताडपत्री घाला आणि खरपुडी गोळा करा. नवा रंग देताना, इंजिनाचा किंवा ड्राइव्हचा पाण्यातला भाग ॲल्युमिनियमचा असेल तर त्यावर तांबं घातलेला रंग लागू देऊ नका. दोन धातू पाण्यात भेटले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

रंग की नवा जेलकोट?

जेलकोट जेमतेम अर्धा मिमी असतो आणि नुसता फिका पडला असेल तर दोन्ही नकोत. धुवा, तपकिरी डागांना ऑक्झॅलिक ॲसिड लावून धुवा, मग ८०० पासून १५०० नंबरपर्यंत वॉटर पेपर, कंपाउंड, मेण. जेलकोट पारदर्शक दिसू लागला की थांबा, खाली काही उरलेलं नाही.

संपला असेल तर माझं मत दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाला. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने मागोमाग ब्रशच्या टोकाने हलकेच सरळ करायचं. स्प्रे घरच्या घरी करू नका. त्यातल्या आयसोसायनेटला साधा कार्ट्रिज मास्क पुरेसा नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. गडद रंग उन्हात फार तापतो आणि खालच्या कापडाची वीण वर उमटते.

घासताना कोणता मास्क?

धुळीसाठी पी१०० दर्जाचा फिल्टर, वासासाठी ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिज. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, गॉगलशिवाय बाटली उघडू नका. अंगाची खाज गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने नाही.

मजबूत केलाच आहे ट्रान्सम, तर मोठं इंजिन लावू?

बोटीवरच्या क्षमतेच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापलीकडे नको. ट्रान्सम जाड झाल्याने हलचा आकार बदलत नाही. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक इंजिनही जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा सहसा जड असतं आणि मागची बाजू खाली बसते, कॉकपिटची निचऱ्याची भोकं पाण्याखाली जातात. बॅटरी पुढे हलवणं हा स्वस्त उपाय.

इंधनाची टाकी जुनीच ठेवू?

फायबरची असेल आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ठेवू नका. इथेनॉल जुनं पॉलिएस्टर मऊ करतं, विरघळलेलं रेझिन इंजिनात जाऊन चिकटतं. फोममध्ये गाडलेली ॲल्युमिनियमची टाकी वरून छान दिसते आणि खालून चाळणी झालेली असते. डेक उघडंच आहे तोवर उचलून बघा. वायर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची घ्या.

फिटिंग परत बसवताना?

हाच तो स्क्रू. कोअर असलेल्या भागात भोक मोठं पाडा, कडेचा कोअर थोडा खरवडा, दाट इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर त्याच्या मधोमध योग्य मापाचं भोक पाडा. आता सील गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. डेकवरच्या फिटिंगला ब्यूटाइल टेप चांगला, पुन्हा काढता येतो. पाण्याखालच्या फिटिंग पितळेच्या नको, त्यातलं जस्त निघून जातं आणि उरलेला धातू हातात चुरतो. कांसं किंवा मरीन दर्जाचं प्लास्टिक घ्या.

पहिल्यांदा पाण्यात सोडताना काय बघायचं?

बूच. मग बोट ट्रेलरवरून पूर्ण न सोडता अर्धा तास तशीच तरंगू द्या आणि टॉर्च घेऊन प्रत्येक फिटिंगच्या पायाशी कोरडा टिश्यू पेपर फिरवा. ओला झाला तर बाहेर ओढा. तासभर इंजिन चालवल्यावर ट्रान्समचे बोल्ट पुन्हा तपासा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, साचलेलं पाणी मोजा. माझ्या त्या पहिल्या बोटीत दुसऱ्या खेपेला अर्धा मग निघाला होता, आणि तो माझ्याच ओल्या चपलांचा होता हे कळायला मला तीन दिवस लागले.